उदासीन अणूंचा क्वांटम संगणक: केवळ अणू मोजून त्याची ताकद का कळत नाही

प्रश्नकर्त्याने दोन गोष्टी विचारल्या आहेत. प्रकाशाच्या चिमट्यांत एकेक करून धरलेल्या उदासीन अणूंची संख्या आता सहा हजारांच्या पुढे गेली आहे आणि प्रत्येक अणू हा एक क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीचे एकक, मानला जातो. मग या मार्गाने उपयुक्त क्वांटम संगणक अजून तयार का झालेला नाही? आणि अतिवाहक परिपथ किंवा विद्युतभारित आयन वापरणाऱ्या यंत्रांच्या तुलनेत या मार्गाची बाजू कितपत भक्कम आहे? मी बरीच वर्षे रुबिडियमच्या अणूंवर असे प्रयोग करत आलो आहे, म्हणून उत्तर प्रयोगशाळेच्या बाजूने देतो. अणूंची संख्या ही या यंत्राची सर्वांत सहज वाढणारी गोष्ट आहे. गणन चालू असतानाच अणू एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येतात, हे त्याचे खरे बळ आहे. आणि अणू हरवतात व प्रत्येक पायरीला वेळ लागतो, ही त्याची खरी अडचण आहे.

‘उदासीन’ या शब्दात फायदाही आहे आणि तोटाही. अणूवर विद्युतभार नसल्यामुळे दोन अणू एकमेकांपासून काही मायक्रोमीटरवर ठेवले, तर त्यांचा एकमेकांवर जवळपास काहीच परिणाम होत नाही. आयन परस्परांना ढकलतात, त्यामुळे एकाच सापळ्यात त्यांची लांब रांग सांभाळणे संख्येबरोबर अवघड होत जाते. उदासीन अणू मात्र हजारोंनी शेजारी शेजारी ठेवता येतात. शिवाय रुबिडियम-८७ चा कोणताही अणू दुसऱ्या अणूसारखा तंतोतंत असतो. अतिवाहक क्युबिट घडवावा लागतो, प्रत्येकाचे गुणधर्म थोडे वेगळे निघतात आणि ते निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या शंभराव्या भागाएवढ्या तापमानाला ठेवावे लागतात. आमच्या यंत्रात काचेची निर्वात कुपी खोलीच्या तापमानालाच असते; थंड असतात ते फक्त तिच्यातले अणू.

क्युबिटच्या ० आणि १ या अवस्था म्हणून अणूच्या न्यूनतम ऊर्जेच्या दोन अतिसूक्ष्म पातळ्या घेतात. रुबिडियम-८७ मध्ये त्यांच्यातील अंतर सुमारे ६.८३५ गिगाहर्ट्‌झ आहे. सीझियम-१३३ मध्ये ते ९,१९,२६,३१,७७० हर्ट्‌झ आहे, आणि १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच या आकड्यावर आधारलेली आहे. ज्या पातळ्यांवर जगाचे घड्याळ चालते, त्याच पातळ्यांत माहिती साठवली जाते. त्यामुळे ती दीर्घकाळ टिकते यात नवल नाही. एका क्युबिटवरील क्रिया सूक्ष्मतरंगांनी किंवा लेसरच्या जोडीने केल्या जातात आणि त्या आज ९९.९ टक्क्यांहून अधिक अचूकतेने होतात. त्यांच्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. खरी कसोटी पुढे आहे.

अणू धरायचा कसा? खोलीच्या तापमानाला रुबिडियमचे अणू सेकंदाला सरासरी सुमारे २७० मीटर वेगाने धावत असतात. त्यांना प्रथम सहा बाजूंनी येणाऱ्या ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरने आणि चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने मंद केले जाते. लेसरने अणू थंड करण्याच्या पद्धतींसाठी स्टीव्हन चू, क्लोद कोएन-तानुजी आणि विल्यम फिलिप्स यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दहा मायक्रोकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या एक लाखाव्या भागाला, अणूचा कोणत्याही एका दिशेतला वेग सेकंदाला जेमतेम तीन सेंटिमीटर उरतो. या थंड ढगावर एका चांगल्या भिंगातून एक लेसरझोत अगदी बारीक बिंदूवर, म्हणजे मायक्रोमीटरभर रुंदीवर, एकवटला जातो. या झोताची तरंगलांबी अणूच्या शोषणरेषेपेक्षा मुद्दाम जास्त ठेवतात. अशा प्रकाशात अणूची ऊर्जा जिथे तीव्रता अधिक तिथे कमी होते, म्हणून अणू बिंदूच्या मध्याकडे ओढला जातो. हाच प्रकाशीय चिमटा होय, आणि तो विकसित करणाऱ्या आर्थर अ‍ॅश्किन यांना २०१८ मध्ये नोबेलने गौरवले गेले. अणू ज्या ऊर्जेच्या खळग्यात अडकतो, त्याची खोली तापमानाच्या भाषेत साधारण एक मिलिकेल्विन, म्हणजे एका अंशाचा हजारावा भाग, असते. खोलीच्या तापमानाच्या मानाने ती अत्यंत उथळ आहे. भरकटत आलेला एखादा वायूचा रेणू आदळला तरी अणू उडून जातो. म्हणून कुपीतील निर्वात अतिशय उच्च दर्जाचे लागते.

एका चिमट्यात नेमका एकच अणू कसा राहतो, हे या क्षेत्रातील पहिले मोठे कोडे होते. २००१ मध्ये फ्रान्समधील ओर्से येथे फिलिप ग्रांजिए यांच्या गटाने दाखवले की चिमटा पुरेसा लहान केला, तर हे आपोआप घडते. दोन अणू आत आले की शीतन करणाऱ्या प्रकाशातच त्यांची टक्कर होते आणि ते जोडीने बाहेर फेकले जातात. परिणामी आत एकच अणू उरतो किंवा एकही उरत नाही. प्रयोग चालवताना कॅमेऱ्यावरील उजेडाचा आलेख दोनच पातळ्यांवर उड्या मारताना दिसतो, मधली पातळी कधीच येत नाही. मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा रात्रभर यंत्रापाशी बसून राहिलो होतो. एका अणूचे असणे आणि नसणे डोळ्यांसमोर चालू होते.

या युक्तीची किंमत मात्र मोजावी लागते. प्रत्येक चिमटा भरलेला असण्याची शक्यता जवळपास निम्मीच असते. शंभर चिमटे ठेवले, तर ते सगळे एकाच वेळी भरण्याची शक्यता एकावर तीस शून्ये दिल्यावर होणाऱ्या संख्येत एकदा इतकी कमी आहे. नशिबावर अवलंबून राहून काहीच साधणार नव्हते. यावर उपाय २०१६ मध्ये दोन ठिकाणी जवळपास एकाच वेळी सापडला: अमेरिकेत हार्वर्ड, एमआयटी आणि कॅलटेकच्या संशोधकांनी एका रेषेतील अणूंसाठी, तर फ्रान्समध्ये आंत्वान ब्रोवेस यांच्या गटाने प्रतलातील अणूंसाठी तो दाखवला. आधी छायाचित्र घ्यायचे, कोणत्या चिमट्यात अणू आहे ते संगणकाने ओळखायचे, आणि मग एका हलत्या चिमट्याने अणू उचलून रिकाम्या जागा भरायच्या. स्थिर चिमट्यांची जाळी प्रकाशाच्या कलेत, म्हणजे त्याच्या लहरीच्या चढउताराच्या टप्प्यात, ठिकठिकाणी बदल करणाऱ्या पडद्याने तयार करतात. हलता चिमटा ध्वनिलहरींनी प्रकाश वळवणाऱ्या स्फटिकातून येतो. स्फटिकाला दिलेल्या विद्युतसंकेताची वारंवारता बदलली की झोत सरकतो आणि त्याच्यासोबत अणूही सरकतो. पुढच्या सगळ्या प्रगतीचा पाया इथे घातला गेला.

आता दोन अणूंना एकमेकांशी बोलते करायचे आहे. उदासीनता इथे आडवी येते, आणि म्हणून रिडबर्ग अवस्थेची मदत घ्यावी लागते. अणूच्या सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनला फार वरच्या पातळीवर, उदाहरणार्थ ७० व्या पातळीवर, नेले तर अणूचा विस्तार पातळीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो मायक्रोमीटरच्या चतुर्थांशाएवढा किंवा त्याहून मोठा होतो. अशा दोन फुगलेल्या अणूंमधील आकर्षण किंवा प्रतिकर्षण पातळीच्या जवळपास अकराव्या घातानुसार वाढते. न्यूनतम अवस्थेतील अणूंच्या तुलनेत, दहा मायक्रोमीटर अंतरावर, ही वाढ एकावर बारा शून्ये इतक्या पटींची असते. म्हणजे लेसर लावला की परस्परक्रिया सुरू आणि तो काढला की ती बंद, असे बटण आपल्या हाती येते. इतक्या प्रचंड फरकाने चालू-बंद करता येणारी परस्परक्रिया निसर्गात फार क्वचित मिळते.

या बटणाचा वापर कसा करावा हे २००० साली याक्ष, सिराक, झोलर, ल्युकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवले होते. शेजारच्या दोन अणूंपैकी एक रिडबर्ग अवस्थेत गेला की त्याच्या प्रभावाने दुसऱ्याची रिडबर्ग पातळी आपल्या जागेवरून सरकते. लेसरची वारंवारता तिच्याशी जुळेनाशी होते आणि दुसरा अणू वर जाऊच शकत नाही. याला रिडबर्ग अवरोध म्हणतात. ७० व्या पातळीसाठी नेहमीच्या लेसर तीव्रतेला हा अवरोध आठ-नऊ मायक्रोमीटरपर्यंत पोहोचतो. परस्परक्रिया अंतराच्या सहाव्या घाताने कमी होते, त्यामुळे अंतर दुप्पट केले की ती चौसष्टपट क्षीण होते. या तीव्र उताराचा फार उपयोग होतो: जोडी जवळ असेल तर अवरोध जवळजवळ पूर्ण असतो, आणि दुसरी जोडी काही अंतरावर असेल तर तिला त्याची बाधा होत नाही. अवरोधाचे प्रत्यक्ष दर्शन २००९ मध्ये विस्कॉन्सिन येथे मार्क सॅफमन यांच्या आणि फ्रान्समध्ये ब्रोवेस-ग्रांजिए यांच्या गटांनी घडवले.

अवरोधापासून तर्कद्वार, म्हणजे क्युबिटवरील गणनाची मूलभूत क्रिया, कसे घडते, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण बहुतेक लेखांत हा भाग गाळला जातो. लेसर असा जुळवतात की तो फक्त १ या अवस्थेतील अणूला रिडबर्ग पातळीकडे नेतो. जोडी ०० असेल तर काहीच घडत नाही. ०१ किंवा १० असेल तर एकच अणू वर जाऊन खाली येतो. ११ असेल तर दोघांनाही वर जायचे असते, पण अवरोधामुळे एकच जाऊ शकतो. कोणता, हे ठरलेले नसल्याने दोन्ही शक्यता एकत्र येतात आणि हे दोलन एकट्या अणूच्या दोलनापेक्षा दोनाच्या वर्गमुळाइतक्या पटीने जलद होते. २०१९ मध्ये हार्वर्डच्या गटाने या वेगातील फरकाचा सुंदर उपयोग केला. पहिले स्पंद एवढ्या लांबीचे घेतले की ११ ची जोडी पूर्ण फेरी मारून परत येते, तर ०१ ची जोडी वाटेतच राहते. मग लेसरची कला एका ठरावीक कोनाने बदलून तेवढेच दुसरे स्पंद दिले की तीही मूळ जागी परत येते. शेवटी सगळे अणू खाली असतात, पण प्रत्येक जोडीने वेगवेगळी कला गोळा केलेली असते, आणि कलेतील हा फरकच दोन क्युबिटचे तर्कद्वार असते. हे सगळे एका मायक्रोसेकंदाच्या आत होते. रुबिडियमसाठी रिडबर्ग अवस्था चिमट्याच्या प्रकाशात टिकून राहत नाही, म्हणून तेवढा वेळ चिमटे बंद करतात. अणू तीन सेंटिमीटर प्रतिसेकंद वेगाने त्या काळात एका मायक्रोमीटरचा फार लहान अंशच सरकतो, त्यामुळे चिमटा पुन्हा लावला की तो सापडतो.

२०१९ च्या त्या प्रयोगात तर्कद्वाराची अचूकता ९७.४ टक्के होती. २०२३ मध्ये त्याच गटाने कला सलगपणे बदलणारे एकच स्पंद वापरून, एकाच वेळी साठ अणूंपर्यंत, ती ९९.५ टक्क्यांवर नेली. उरलेल्या अर्ध्या टक्क्यात काय दडलेले असते? रिडबर्ग अवस्थेचे आयुष्य मर्यादित असते: ७० व्या पातळीला खोलीच्या तापमानात ते दीडशे मायक्रोसेकंदांच्या आसपास आहे. वर नेण्यासाठी रुबिडियममध्ये ४२० आणि १०१३ नॅनोमीटरचे दोन लेसर एकत्र वापरतात, आणि मधल्या पातळीवरून थोडा प्रकाश विखुरतो. अणूच्या उरलेल्या वेगाने वारंवारता किंचित सरकते. काचेवर साठलेल्या भाराचे विद्युतक्षेत्र रिडबर्ग पातळी हलवते, कारण अशा अवस्थेची क्षेत्राला दिलेली प्रतिक्रिया पातळीच्या सातव्या घाताने वाढते. आणि लेसरचा स्वतःचा गोंगाट असतो. आमच्या यंत्रात एकदा दोलने काही केल्या टिकत नव्हती. आम्ही कित्येक आठवडे तापमान, चुंबकीय क्षेत्र, भिंगांची जुळणी हे सगळे तपासत राहिलो. दोष शेवटी लेसरची वारंवारता स्थिर ठेवणाऱ्या परिपथातच निघाला. तो परिपथ मंद चढउतार दाबत होता, पण सुमारे एक मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात स्वतःचा गोंगाट घालत होता, आणि अणूचे दोलन नेमके त्याच पट्ट्यात होते. लेसरचा प्रकाश एका अरुंद प्रकाशीय पोकळीतून गाळून घेतल्यावर अणू लगेच सुधारले. अशा प्रयोगात अणू हा सर्वांत संवेदनशील मापक असतो, आणि तो जे सांगतो ते सर्वांत आधी ऐकावे, हे मी तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे.

९९.५ टक्के हा आकडा मोठा वाटतो, पण त्याचा अर्थ दर दोनशे तर्कद्वारांत सरासरी एक चूक असा होतो. एक हजार तर्कद्वारे सलग चुकीविना पार पडण्याची शक्यता एका टक्क्यापेक्षाही कमी उरते. रसायनशास्त्रातील किंवा गुप्तलेखनातील उपयुक्त गणनांना अब्जावधी क्रिया लागतात. अणू सहा हजार असोत की साठ हजार, चुका दुरुस्त केल्याशिवाय त्या गणनांच्या जवळपासही पोहोचता येत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे थेट उत्तर हेच आहे.

तुम्ही सांगितलेला सहा हजारांचा आकडा कॅलटेकमधील ज्या प्रयोगातून आला, त्यात सुमारे बारा हजार चिमट्यांत सीझियमचे ६,१०० अणू धरले गेले आणि क्युबिटची अवस्था १२.६ सेकंद टिकली. ही कामगिरी मी अतिशय मोलाची मानतो, कारण इतक्या संख्येतही प्रत्येक अणू नीट सांभाळता येतो हे तिने सिद्ध केले. पण त्या प्रयोगाचा विषय धरणे, पाहणे आणि टिकवणे हा होता. हजारो अणूंमध्ये दोन क्युबिटची तर्कद्वारे चालवून गणन करणे हा नव्हता. वृत्तांकनात हा फरक पुसला जातो आणि त्यातूनच तुमच्यासारखे प्रश्न निर्माण होतात.

आता बळाकडे येऊ. चुका दुरुस्त करण्यासाठी एका तार्किक क्युबिटची माहिती अनेक अणूंत पसरवावी लागते आणि त्यांच्यातील विसंगती पुन्हा पुन्हा तपासाव्या लागतात. पृष्ठसंकेत नावाच्या नेहमीच्या पद्धतीत अंतर २५ चा (म्हणजे किमान २५ अणू एकदम चुकले तरच नकळत बिघडणारा) एक तार्किक क्युबिट घडवायला १,२४९ भौतिक क्युबिट लागतात. चिपवर कोरलेल्या क्युबिटला शेजारी कायमचे ठरलेले असतात. दूरच्या क्युबिटशी क्रिया करायची तर माहिती टप्प्याटप्प्याने वाहून न्यावी लागते. अणूंच्या यंत्रात क्युबिटच उचलून नेता येतो. २०२२ मध्ये हार्वर्डच्या प्रयोगाने दाखवले की अणू दुसऱ्या अणूशी गुंतलेला असतानाही, म्हणजे त्यांच्यात एंटँगलमेंट असतानाही, काही शे मायक्रोसेकंदांत शंभरेक मायक्रोमीटर नेता येतो आणि ते नाते तुटत नाही. याचा परिणाम फार खोलवर जातो. एका तार्किक क्युबिटचा संपूर्ण गट उचलून दुसऱ्या गटावर अणूला अणू भिडवून ठेवायचा आणि एकच लेसर स्पंद द्यायचे. सगळ्या जोड्यांवर तर्कद्वार एकाच क्षणी घडते. हजार अणूंना हजार तारा आणि हजार नियंत्रणसंच लागत नाहीत. माझ्या मते या मार्गाचा सर्वांत मोठा गुण हाच आहे, आणि तो अणूंच्या संख्येत कुठेच दिसत नाही. शिवाय दूरच्या क्युबिटशी थेट जोडणी शक्य असल्यामुळे, पृष्ठसंकेतापेक्षा बरेच कमी अणू खर्च करणारे संकेतही इथे वापरता येण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये मिखाइल ल्युकिन यांच्या नेतृत्वाखालील गटाने २८० अणूंपर्यंतच्या यंत्रावर ४८ तार्किक क्युबिटचे परिपथ चालवून दाखवले. यंत्राचे तीन विभाग होते: साठवणीचा, तर्कद्वारांचा आणि मापनाचा, अणू गरजेप्रमाणे या विभागांतून ये-जा करत होते. हा टप्पा ऐतिहासिक आहे, पण तो नीट वाचावा. त्या ४८ क्युबिटसाठी वापरलेला संकेत लहान होता, आठ अणूंत तीन तार्किक क्युबिट असा. तो चूक झाल्याचे ओळखतो, पण ती दुरुस्त करत नाही. चूक दिसलेल्या फेऱ्या बाजूला काढल्या की उरलेल्यांचा दर्जा सुधारतो. दीर्घ गणनेत असे करता येत नाही, कारण गणन लांबेल तशी बाजूला न काढाव्या लागणाऱ्या फेऱ्यांची संख्या झपाट्याने शून्याकडे जाते.

आता अडचणी. पहिली अणू हरवण्याची. क्युबिटची अवस्था वाचण्याची जुनी आणि सोपी रीत अशी की १ मधील अणूंना एका झोताने उडवून लावायचे आणि जे उरले ते ० समजायचे. यात दोन दोष आहेत. गणनेदरम्यान आपोआप निसटलेला अणूही १ म्हणूनच मोजला जातो, आणि वाचल्यानंतर अणू परत वापरता येत नाही. चुका दुरुस्त करायच्या तर तपासणारे अणू दर फेरीत वाचावे लागतात; प्रत्येक वाचनात ते गमावले, तर काही फेऱ्यांतच यंत्र रिकामे होते. त्यामुळे न गमावता वाचण्याच्या पद्धती, अणू आहे की नाही हे वेगळे सांगणारे मापन, आणि शेजारच्या क्युबिटला धक्का न लावता वाचण्यासाठी रुबिडियम व सीझियम अशा दोन जाती एकत्र ठेवण्याचे प्रयोग, या सगळ्यांवर आज इतके काम चालू आहे.

हरवणे ही वाईट बातमीच आहे असे मात्र नाही. कोणता अणू बिघडला हे ठाऊक असेल, तर ती चूक दुरुस्त करणे अज्ञात चुकीपेक्षा पुष्कळ सोपे असते. यिटर्बियम-१७१ मध्ये क्युबिट एका दीर्घायुषी उत्तेजित अवस्थेत ठेवला, तर तर्कद्वार चुकल्यावर अणू बहुतेक वेळा क्युबिटच्या बाहेरच्या पातळ्यांत घसरतो आणि तो तिथे प्रकाश टाकून ओळखता येतो. २०२२ मधील एका सैद्धांतिक गणितानुसार, ९८ टक्के चुका अशा ओळखता आल्या, तर पृष्ठसंकेताची सहनमर्यादा, म्हणजे चुकांचे जेवढे प्रमाण असूनही दुरुस्ती कामी येते ती मर्यादा, ०.९४ टक्क्यांवरून ४.१५ टक्क्यांपर्यंत वाढते. पुढच्याच वर्षी प्रिन्स्टनमध्ये यिटर्बियमवर आणि कॅलटेकमध्ये स्ट्रॉन्शियमवर ही कल्पना प्रत्यक्षात उतरली. अणूची जात निवडणे हा तपशिलाचा प्रश्न आहे असे मला पूर्वी वाटत असे. हे प्रयोग पाहिल्यावर माझे मत बदलले. चुका किती होतात याइतकेच त्या कोणत्या प्रकारच्या होतात हे महत्त्वाचे आहे, आणि ते अणूच्या अंतर्गत रचनेवरच ठरते.

दुसरी अडचण वेळेची, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. तर्कद्वार स्वतः मायक्रोसेकंदापेक्षा कमी वेळात होते. पण अणू हलवायला शेकडो मायक्रोसेकंद लागतात आणि त्याचा प्रकाश कॅमेऱ्यावर गोळा करायला मिलिसेकंद. अतिवाहक यंत्रात चुका तपासण्याची एक फेरी सुमारे एका मायक्रोसेकंदात पुरी होते. अणूंच्या यंत्रात एक मिलिसेकंद धरला तरी ते आशावादी ठरेल. एखाद्या गणनेला अशा एक अब्ज फेऱ्या लागत असतील, तर पहिल्या यंत्राला सतरा मिनिटे आणि दुसऱ्याला साडेअकरा दिवस लागतील. अणू वेगाने हलवायचे तर ते तापतात; फोटॉन लवकर गोळा करायचे तर अधिक मोठी भिंगे किंवा प्रकाशीय पोकळ्या लागतात. म्हणून या मार्गावरील सर्वांत हुशार सैद्धांतिक काम आज एका तार्किक क्रियेमागे लागणाऱ्या तपासणीच्या फेऱ्या कमी करण्यावर चालले आहे. वेग भौतिकीतून मिळत नसेल, तर तो संकेतांतून आणि एकाच वेळी अनेक क्रिया करण्यातून मिळवावा लागेल.

साडेअकरा दिवस सलग चालायचे, तर गेलेल्या अणूंच्या जागी नवे आणत राहावे लागणार हे उघड आहे. पूर्वी प्रत्येक प्रयोग सेकंदभराचा असे: ढग भरा, रांग लावा, गणना करा, सगळे टाकून पुन्हा सुरुवात करा. २०२५ मध्ये हार्वर्ड-एमआयटीच्या गटाने तीन हजारांहून अधिक क्युबिटची रचना दोन तासांपेक्षा जास्त वेळ अखंड चालू ठेवली. शेजारच्या साठ्यातून थंड अणू सतत आणले जात होते आणि रचनेतील उरलेल्या क्युबिटची अवस्था त्यामुळे बिघडत नव्हती. माझ्या लेखी हा निकाल सहा हजारांच्या आकड्याहून मोठा आहे, कारण यंत्र आणि प्रयोग यांतील फरक तिथे प्रथमच ठळकपणे दिसतो.

याच अणूंचा एक वेगळा उपयोगही आहे. तर्कद्वारे न लावता सगळ्या अणूंवर लेसर हळूहळू बदलत नेला, तर ती रचनाच एखाद्या चुंबकीय पदार्थाचे प्रतिरूप बनते. २०१७ मध्ये ५१, तर २०२१ मध्ये अमेरिकेत २५६ आणि फ्रान्समध्ये १९६ अणूंवर असे अभ्यास झाले, आणि क्वेरा कंपनीचे २५६ अणूंचे यंत्र नोव्हेंबर २०२२ पासून इंटरनेटवरून वापरता येते. भौतिकीसाठी हे काम आजच उपयुक्त आहे. मात्र अशा यंत्राचे यश पाहून सार्वत्रिक क्वांटम संगणक जवळ आला असा निष्कर्ष काढू नये. इथे चुका दुरुस्त करण्याची सोय नसते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी माझे मत सांगतो. संख्या वाढवणे आणि कोणत्याही क्युबिटला कोणत्याही क्युबिटशी जोडणे यांत उदासीन अणू आज पुढे आहेत. वेगात अतिवाहक परिपथ पुष्कळ पुढे आहेत, आणि दोन क्युबिटच्या तर्कद्वाराच्या अचूकतेत आयनांनी सर्वांत वरची पातळी गाठली आहे. ज्या गणनांत क्युबिट पुष्कळ लागतात पण उत्तर काही दिवसांनी मिळाले तरी चालते, त्यांच्यासाठी मी अणूंची निवड करीन. पुढची घोषणा वाचाल तेव्हा अणू किती होते याआधी चार गोष्टी शोधा: दोन क्युबिटचे तर्कद्वार एकाच वेळी अनेक जोड्यांवर किती अचूक होते, तपासणीच्या किती फेऱ्या सलग झाल्या, हरवलेला अणू ओळखून बदलला गेला का, आणि एका फेरीला किती वेळ लागला. काही डझन तार्किक क्युबिट, एकही निकाल बाजूला न काढता, तपासणीच्या हजारो फेऱ्या टिकवून त्यांच्यावर क्रिया केल्याचे वृत्त ज्या दिवशी येईल, त्या दिवशी माझ्या या उत्तरातील बराचसा भाग जुना झालेला असेल.